हिशेब न मांडता ऋण कसं सोडायचं?

"बाई, क्षमा केली म्हणून तोंडानं शंभरदा म्हटलं. पण मन निवत न्हाई. मग माझी क्षमा खोटीच की काय?"

हा प्रश्न माझ्यासमोर निरनिराळ्या तोंडांनी येतो. कुणाला सासूनं छळलेलं असतं, कुणाला भागीदारानं बुडवलेलं, कुणाचं बापाशी वर्षानुवर्षं बोलणं नसतं. विचारणारी माणसं बहुतेक भाविक ख्रिस्ती, रविवारची उपासना न चुकवणारी. ज्यांना क्षमा करायचीच नाही ती माझ्याकडं समुपदेशनाला येतच नाहीत, घरी निवांत असतात.

ज्यांची गोष्ट सांगते त्या बाईंना इथं नुसतं 'अक्का' म्हणते. आमच्या बेळगाव भागात थोरल्या बहिणीला कन्नड घरात अक्का म्हणतात तसं मराठी घरातही म्हणतात. गोष्ट त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, काही तपशील मुद्दाम बदललेत.

अक्का खानापूर तालुक्यातल्या. वय पंचावन्नच्या पुढं, नवरा वारलेला, घरी शिलाई मशीन, फॉल-पिको आणि ब्लाऊज. मंगळवारी सकाळच्या बसनं बेळगावला यायच्या. जून २०२३ मध्ये शक्ती योजना आली, बायकांना बस फुकट झाली, तेव्हापासून माझ्याकडं खेड्यातून येणाऱ्या बायका वाढल्या. पूर्वी तिकिटाचे पैसे मागायचे तर घरात कारण सांगावं लागायचं. सरकारनं योजना काही यासाठी काढली नसणार, पण मला तिचा हा उपयोग दिसला.

पहिल्या दिवशी त्या अर्धा तास पावसाबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "दीड वर्ष झालं, मी प्रभुभोजन घेतलं न्हाई."

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीनं भाकरी आणि द्राक्षारस घ्यायचा विधी, असलं की त्या आधीच्या गीतालाच मागच्या दारानं बाहेर पडायच्या. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायच्या. खरं कारण येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली एक ओळ. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' इथं आल्यावर त्यांचा आवाज बंद व्हायचा. "देवासमोर उभं राहून खोटं कसं बोलायचं बाई? मी सोडलेलं न्हाई. आणि तो तिसऱ्या बाकावर बसून मोठ्यानं म्हणतोय."

तो म्हणजे धाकटा भाऊ. नऊ वर्षांनी लहान. आई शेतात जायची तेव्हा अक्कानं त्याला कडेवर वाढवला.

घडलं ते असं. आई-वडिलांच्या मागं छत्तीस गुंठे भातजमीन राहिली. सहा वर्षांपूर्वी भाऊ म्हणाला, सोसायटीचं कर्ज काढायचंय, तुझी सही लागते. अक्का त्याच्याबरोबर नोंदणी कचेरीत गेल्या. कागद कन्नडमध्ये होता. अक्का मराठी शाळेतून सातवी शिकलेल्या, कन्नड बोलतात बऱ्यापैकी, पण अक्षर ओळखत नाहीत. सीमाभागात अशी माणसं हजारांनी सापडतील, बाजारात दोन्ही भाषा फाडफाड बोलणारी आणि कचेरीत कागद उलटा दिला तरी न कळणारी. भावानं तिथल्या तिथं वाचून दाखवलं. कर्जाचंच वाचलं. अक्कानं सही केली, अंगठा टेकवला, फोटो काढू दिला.

साडेचार वर्षांनी कसल्याशा कामाला आरटीसीचा, म्हणजे सातबाऱ्यासारखा, उतारा काढला. नात कन्नड शाळेत. तिनं मोबाइलवर वाचलं आणि म्हणाली, "आज्जी, इथं तुझं नाव न्हाई की."

सही केलेला तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र होतं.

ख्रिस्ती घरांतही पुष्कळांना वाटतं की शेत मुलाचं असतं आणि मुलीला दागिने दिले की झालं. तसं नाही. आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, दोघांना सारखा वाटा. अक्काचे अठरा गुंठे होते. कुणी देणगी म्हणून द्यायचे नव्हते, ते त्यांचेच होते.

आता माझी चूक सांगते, कारण ती पुष्कळ जण करतात.

दुसऱ्याच भेटीला मी भावाला बोलावून घेतलं. अक्काही हो म्हणाल्या होत्या. मला वाटलं, रक्ताची माणसं आहेत, एकाच मंडळीत, म्हणजे एकाच चर्चमध्ये, बसतात, समोरासमोर आली की विरघळतील. भाऊ आला, खुर्चीत टेकला आणि चहा यायच्या आत म्हणाला, "अक्का, काय चुकलं असेल तर माफ कर की. झालं?" हात पुढं केला. अक्कानं सवयीनं हातात हात दिला. मी प्रार्थना केली. सगळं वीस मिनिटांत उरकलं. तो गेला तेव्हा मी स्वतःवर खूश होते, हे लपवत नाही.

पुढच्या मंगळवारी अक्का आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या मंगळवारी आल्या त्या चेहरा उतरून. चार दिवस डोकं धरून पडल्या होत्या. "आता तर बोलायचीबी सोय राहिली न्हाई बाई. तुमच्यासमोर हात दिला. आता काही बोलले तर मीच वाईट."

'काय चुकलं असेल तर.' या वाक्यात चूक कुठली ते नाही, किती ते नाही, कुणी केली तेही नीटसं नाही. आणि मी त्यावर आमेन म्हटलं होतं. त्या दिवशी मी अक्काची माफी मागितली, माझ्या चुकीचं नाव घेऊन. त्यांना ते नवीन होतं. (जिथं मारहाण आहे, धमकी आहे, तिथं तर अशी भेट घडवूच नये. तिथं आधी बाई सुरक्षित झाली पाहिजे, क्षमेचं नंतर. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. ही गोष्ट तसल्या प्रकरणाची नाही.)

मग आम्ही त्या ओळीवरच बसलो. आमच्याकडे मराठी आणि कन्नड उपासना वेगवेगळ्या वेळी होतात. कन्नड प्रार्थनेत याच जागी 'तप्पु' येतो, म्हणजे चूक: 'तप्पुगळन्नु क्षमिसु'. मराठीत मात्र 'ऋण' आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्येही कर्जाचाच शब्द आहे, आणि 'सोडणे' हा त्याच्या जोडीचा. मराठी भाषांतरकारांनी तो व्यवहारी शब्द तसाच ठेवला याचं मला नेहमी बरं वाटतं. चूक हवेत विरते. कर्जाला आकडा असतो.

मी अक्काला म्हटलं, "तुम्ही पिग्मी भरता ना?"

भरायच्या, रोज पन्नास रुपये. पिग्मी हा शब्द महाराष्ट्रातल्या वाचकांनाही ओळखीचा असेल, पण ती मूळची कर्नाटकातली. १९२८ मध्ये पुढं सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेनं दारोदार फिरून दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली तिथून ती आली. अक्काचं पासबुक म्हणजे चिकट, तेलकट, कोपरे मुडपलेलं, पण एक दिवस चुकलेला नाही.

"एजंट आला आणि म्हणाला, अक्का, काय असेल ते तुमचं-आमचं मिटलं, तर चालेल?"

"कसं चालेल? आधी पुस्तक दाखव म्हणीन."

"मग भावाचं पुस्तक कुठंय?"

त्या गप्प झाल्या. मग जरा घाबरून म्हणाल्या, "पण बाई, प्रीती अपकार स्मरत नाही, असं लिहिलंय की. हिशेब लिहायचा म्हणजे पाप न्हाई?"

हा अडथळा भाविकांच्या वाटेत हमखास येतो. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातलं ते वचन खरंच आहे आणि तिथला मूळ शब्द हिशेबात जमा धरण्याचाच आहे. पण मी त्यांना मत्तयाचा अठरावा अध्याय काढायला लावला. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, सात वेळा क्षमा करू का? येशू म्हणतो, सातच्या सत्तर वेळा, आणि लगेच राजाची गोष्ट सांगतो. ती गोष्ट 'राजाला दया आली' इथून सुरू होत नाही. राजाला दासांकडून हिशेब घ्यावासा वाटला, इथून सुरू होते. एका दासाचं कर्ज सोडलं जातं ते आकडा मांडल्यावर: दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. गुणाकार अक्कानंच माझ्या कॅल्क्युलेटरवर केला. सहा कोटी दिवस. वर्षाला तीनशे दिवस राबला तरी दोन लाख वर्षं. त्यांना हसू फुटलं. पहिल्यांदाच.

"आणि त्या दुसऱ्या दासाचं, सुटलेल्या दासानं बाहेर पडून ज्याचा गळा धरला त्याचं?"

"शंभर दिनार. रोजगार हमीचे म्हणून शंभर दिवस आपल्याला माहीत आहेत ना, तेवढ्या दिवसांची मजुरी."

"म्हणजे कमी न्हाई."

नाहीच. प्रवचनात आपण त्या शंभर दिनारांना चिल्लर म्हणून सोडून देतो. येशूनं ती रक्कम शून्य ठेवलेली नाही. गरिबाच्या घरातली तीन-साडेतीन महिन्यांची चूल आहे ती. दहा हजार तालांतांपुढं ती लहान आहे, एवढंच. अक्काला आजवर प्रत्येक जण सांगत आला होता, "भाऊच हाय की, जाऊ दे." म्हणजे काही गेलंच नाही असं समज. जे गेलंच नाही ते सोडायचं कसं?

"लिहा," मी म्हटलं. "कुणाला दाखवायला नको. काय काय घेतलं त्यानं?"

शिलाईच्या मापांच्या वहीत मागच्या बाजूनं त्यांनी लिहून आणलं. पुढून छाती-कंबर-बाही, मागून हे. पहिल्या ओळीला अठरा गुंठे. दुसऱ्या ओळीला सहा वर्षांचं भात, पोत्यांचा अंदाज धरून. तिसऱ्या ओळीला दीड वर्षाचं प्रभुभोजन. हे त्यांनी भावाच्या नावावर टाकलं होतं. मी काही बोलले नाही. चौथी ओळ लिहून खोडलेली, परत लिहिलेली: 'पाटी.'

भावाला लिहायला-वाचायला अक्कानं शिकवलं होतं. शाळेत घालायच्या आधी, ओसरीवर, स्वतःच्या फुटक्या पाटीवर. ग गणपतीचा नको म्हणून आई म्हणाली, तर ग गवताचा शिकवला. "बाई, जमीन गेली त्याचं दुःख हायच. पण मला वाचता येत न्हाई ह्याचा त्यानं उपयोग केला. ज्याला मी वाचायला शिकवलं त्यानं मला खोटं वाचून दाखवलं."

दीड वर्ष त्यांना वाटत होतं की आपण अठरा गुंठ्यांसाठी अडून बसलोय, लोभी आहोत. घाव कुठं आहे ते त्यांनाही त्या वहीपर्यंत माहीत नव्हतं.

योसेफाची गोष्ट मी या वेळी सांगितली. भावांनी विकलेला योसेफ मिसरात (इजिप्तमध्ये) अधिकारी होतो, दुष्काळात तेच भाऊ धान्याला येतात. तो त्यांना लगेच मिठी मारत नाही. मध्ये दुभाषी उभा असतो, त्यामुळं भावांना वाटतं, याला आपलं बोलणं कळत नाही. ते आपसांत आपला गुन्हा कबूल करतात, आणि तो बाजूला जाऊन रडतो. ओळख देण्याआधी तो त्यांना पारखतो, एकदा परत पाठवतो, पुन्हा येऊ देतो. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या बेचाळीस ते पंचेचाळीस या अध्यायांत एवढं सगळं होतं. योसेफ विश्वासू नव्हता असं कुणी म्हणत नाही. मग अक्काला दीड वर्ष लागलं तर बिघडलं कुठं? "त्यालाबी भाषेचंच होतं की," अक्का एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना वकिलाकडं पाठवलं. मंडळीतल्या काहींना हे आवडलं नाही. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर दावे लावू नयेत, त्यापेक्षा अन्याय सोसावा, असं प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो, हे त्यांनी मला ऐकवलं. पौल त्याच ठिकाणी विचारतो की भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय. मंडळी निवाडा करणार नाही, कोर्टातही जाऊ देणार नाही, तर मग राहतं काय? गप्प बसणं, आणि तेही फक्त बाईनं. वकिलांनी सांगितलं, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत कागद रद्द करायचा दावा लावता येतो. दीड वर्ष शिल्लक होतं. दावा लावायचा की नाही ते अक्कानं ठरवायचं, पण मुदत कळल्यावर त्यांची पाठ सरळ झाली. ज्याच्या हातात काहीच नाही त्यानं 'सोडलं' म्हणणं आणि ज्याच्या हातात आहे त्यानं म्हणणं, यांत फरक आहे.

मत्तयाच्या त्याच अध्यायात वाटही दिलेली आहे. आधी एकट्यानं जाऊन भावाला त्याचा अपराध दाखव, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे. अक्का एकट्या गेल्या. भाऊ म्हणाला, बाईंसमोर मिटलंय की. (माझं पाप माझ्यापाशी असं परत आलं.) मग त्यांनी मंडळीतली दोन वडीलधारी माणसं नेली. त्यांतले एक निवृत्त शिक्षक, दोन्ही भाषा वाचणारे. मी गेले नाही. अक्कानंच सांगितलं, तुम्ही नको.

पुढचं मला तिघांकडून कळलं आणि तिघांचं जुळतं.

गुरुजींनी कागदाची नक्कल काढून नेली होती. त्यांनी काही उपदेश केला नाही. चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला, एक ओळ कन्नडमध्ये, तीच मराठीत. मथळाच 'हक्कु बिडुगडे पत्र'. गुरुजी तिथं थांबले आणि म्हणाले, बिडुगडे म्हणजे सुटका, कन्नड प्रार्थनेत सैतानाच्या बंधनातून सुटका मागताना हाच शब्द येतो. मग पुढं वाचलं. मी माझ्या खुशीनं, कुणाच्या दबावाशिवाय, वगैरे. अर्धा कागद झाल्यावर भाऊ म्हणाला, "बस्स गुरुजी." गुरुजी म्हणाले, "ती पहिल्यांदा ऐकतेय, पुरं ऐकू दे."

पुरं वाचून झालं. भावजय उठून आत गेली. बऱ्याच वेळानं भाऊ अक्काकडं न बघता म्हणाला, "मी तुला हे वाचलं नव्हतं, अक्का. मुद्दाम वाचलं नव्हतं."

अक्का मला म्हणाल्या, "तेवढंच पाहिजे होतं बघा." पण त्या तेवढ्यावर उठल्या नाहीत, हे मला फार आवडलं. वही काढली. म्हणाल्या, "पाटीचं मिटलं. भात सहा वर्षांचं मी सोडलं, त्याचं नाव काढणार न्हाई. जमीन सोडत न्हाई." जक्कय या जकातदारानं येशूसमोर चौपट परत करीन म्हटलं होतं, तशी काही चौपट इथं झाली नाही. जमीन सोसायटीत अडकलेली होती, कर्ज फिटेपर्यंत नाव बदलणं अवघड. ठरलं ते असं: कर्ज फिटलं की अठरा गुंठे अक्काच्या नावावर, तोवर दर सुगीला दोन पोती तांदूळ. हे लिहिलं गेलं दोन भाषांत, समोरासमोर दोन रकाने. वकिलांनी तपासून दिलं. त्यांनी हेही बजावलं की घरगुती लिखाणावर विसंबून दाव्याची मुदत जाऊ देऊ नका, त्याआधी नोंदणी करून घ्या. अक्कानं ती तारीख पिग्मीच्या पासबुकावर लिहून ठेवलीय.

भावाच्या घरी त्या आता जातात, पण जेवायला थांबत नाहीत. पूर्वीसारखं झालं का, असं लोक विचारतात. नाही झालं. त्यानं वाचून दाखवलेल्या कागदावर अक्का आता सही करणार नाहीत. नातीकडून वाचून घेतात. मला यात क्षमेची कमतरता दिसत नाही. ऋण सोडलं म्हणजे परत उधार द्यायला बांधलो, असं कुठं लिहिलंय?

प्रभुभोजनाचं राहिलं. मी त्यांना मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन नीट वाचायला सांगितलं होतं. वेदीजवळ दान आणलंस आणि तिथं आठवलं की *आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे*, तर दान तिथंच ठेव, आधी जा, समेट कर. बाकावरून उठायचं कुणी? ज्यानं दुखवलं त्यानं. अक्काच्या बाबतीत नेमकं उलटं झालं होतं, तो बसून राहिला आणि ही दीड वर्ष मागच्या दारानं जात राहिली. आणि आत्मपरीक्षा करा असं सांगताना पौल 'आणि मग त्या भाकरीतून खावे' असंच म्हणतो, घरी जा म्हणत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्या थांबल्या. मागून मी त्यांना विचारलं, त्या ओळीला काय केलंत?

"जरा बदललं," त्या म्हणाल्या, चोरी पकडल्यासारख्या. "सगळे 'सोडले आहे' म्हणतात. मी हळूच 'सोडत आहे' म्हटलं. चालतंय न्हवं?"

लूकच्या शुभवर्तमानातल्या याच प्रार्थनेत मूळ क्रियापद वर्तमानकाळीच आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना लूकपेक्षा माझ्या 'चालतंय' म्हणण्याचा आधार जास्त वाटला असावा.

सुगी झाल्यावर एका मंगळवारी त्या आल्या, पिशवीत माझ्यासाठी शेरभर तांदूळ. भावाकडची दोन पोती पोचली होती, वेळेवर, त्यानं स्वतः आणून टाकली.

"कसाय तांदूळ?" मी विचारलं.

"कणी जास्त हाय," अक्का म्हणाल्या. "पुढच्या सुगीला सांगणार हाय त्याला."